दातात धरलेलं डोरलं

अश्विनीनं मोबाईल सासूच्या पुढ्यात धरला आणि म्हणाली, “आई, हे बघा, आपला डोह सिनेमात!”

राहीबाई मेथी निवडत बसली होती. सत्तरी गाठलेली बाई, पण नजर अजून शाबूत. तिनं हात पदराला पुसले आणि मोबाईल हातात घेतला. चाळीस सेकंदांची फीत होती, काळीपांढरी, पाऊस पडल्यासारखी रेघारेघांची. प्रवरेच्या काठचा उंच खडक, त्यावर एक तरुण बाई उभी. ती खाली डोहाकडे बघते, काष्टा घट्ट करते, गळ्याशी हात नेते, मग तोंडाशी नेते आणि धाडकन उडी टाकते. आवाज कसलाच नाही. पाणी उसळतं तेही मुकाट्यानं.

राहीबाईनं ती फीत चार वेळा पाहिली. पाचव्या वेळी तिच्या डोळ्यांना धार लागली. “अगं, ही माझी आजी हाय,” ती म्हणाली. “ठकूबाई.”

“आई, पण खाली तर मिस मंदारबाला लिहिलंय.”

खाली बरंच काही लिहिलेलं होतं. नगरचे एक निवृत्त प्राध्यापक, शामकांत नावाचे, जुन्या मूकपटांवर संशोधन करायचे. कुठल्याशा पेटीत सापडलेला हा तुकडा त्यांनी साफ करून घेतला होता आणि गावाच्या ग्रुपवर पाठवला होता. सोबत लेख. त्यात म्हटलं होतं की १९२८ सालच्या या मूकपटात त्या काळच्या गाजलेल्या नायिका मिस मंदारबाला यांनी कोल्हारच्या डोहात स्वतः उडी घेतली होती. ‘उडीपूर्वी नायिका ओठ दातांखाली दाबते. प्रियकराच्या मृत्यूची ही मूक वेदना भारतीय पडद्यावरील अभिनयाचा एक परमोच्च क्षण आहे.’

अश्विनीनं हे मोठ्यानं वाचून दाखवलं आणि राहीबाईचं डोकं फिरलं. “वेदना?” ती ओरडली. “अगं, तिनं डोरलं धरलंय दातात!”

आता हे ज्याला नदी माहीत नाही त्याला सांगावं लागेल. पूर्वी प्रवरेच्या वाळूत उन्हाळी वाड्या असत. कलिंगडं, खरबुजं, काकड्या. वाड्या पल्याडच्या काठाला, घरं अल्याडच्या. पुरुष काय, आरामात भोपळ्यांच्या सांगडीवर बसून जायचे. बाया मात्र चुलीपासून पोराबाळांपर्यंत सगळं उरकून घाईनं निघायच्या आणि सरळ पोहून पार व्हायच्या. उडी मारताना गळ्यातली मंगळसूत्राची काळी पोत डोक्यावरून निसटायची भीती. डोरलं डोहात गेलं की परत कसलं मिळतंय? आणि घरी सासू काय म्हणेल ते वेगळंच. म्हणून कोल्हारच्या काठच्या बाया उडीआधी डोरलं तोंडात घेऊन दातांखाली घट्ट धरत. त्यानं तोंडही मिटलेलं राहायचं, पाणी नाकातोंडात जायचं नाही. राहीबाईचं लग्न गावातच झालं. त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आजीनं, ठकूबाईनंच, तिला डोहाच्या काठावर उभं करून हे शिकवलं होतं. “डोरलं दातात, जीव हातात, आन् नजर पल्याड,” असं ती म्हणायची.

मग ती मिस मंदारबाला कुठं होती? ते ठकूबाईनं राहीला किती वेळा सांगितलं असेल, त्याची गणती नाही.

सिनेमाची कंपनी गावाबाहेर तंबू ठोकून राहिली होती. राजकन्येचा प्रियकर लढाईत मरतो आणि ती खडकावरून डोहात उडी घेते, अशी गोष्ट. मंदारबाला तीन दिवस राहिली. तिन्ही दिवस तंबूत बसून ‘इथं डास फार आहेत’ म्हणत होती. खडकावर नेली तर खाली बघून तिला घेरी आली. डायरेक्टर साहेब डोक्याला हात लावून बसले, आणि तेवढ्यात त्यांना पल्याडहून चार बाया काकड्यांच्या पाट्या पुढं ढकलत पोहत येताना दिसल्या. पुढची होती ठकूबाई. वय एकोणीस. लग्नाला चार वर्षं झालेली.

नवऱ्यानं होकार दिला, कारण त्याला वाटलं, रोजच उडी मारते, त्यात काय एवढं. राजकन्येचं लुगडं नेसवलं, केस मोकळे सोडले, आणि डायरेक्टर म्हणाला, “बाई, गळ्यातलं काढा. राजकन्येचं लग्न झालेलं नाही.”

ठकूबाई म्हणाली, “माझं झालंय. नवरा हा इथं काठावर बसलाय. त्याच्यादेखत डोरलं काढू व्हय? तुमच्या राजकन्येपायी?”

अर्धा दिवस यावर घोळ झाला. ऊन उतरायला लागलं. शेवटी डायरेक्टर म्हणाला, निदान दिसू तरी देऊ नका. “उडी मारताना आमी ते तोंडातच धरतो,” ठकूबाई म्हणाली. “दिसल कसं?” झालं, मिटलं. फक्त काळ्या मण्यांची पोत ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून गळ्याकडं गेलेली राहिली. लांबून कुणाला दिसणार?

त्या उडीनं ठकूबाईला सिनेमात पाच वर्षं काम मिळालं. कंपनी बोलावी तेव्हा नवऱ्याबरोबर जायची. कोपरगावला गोदावरीत उडी मारली. कुठल्याशा किल्ल्याच्या तटावरून गवताच्या गंजीत पडली. घोड्यावरून पडली, हात मोडला, तो वाकडाच जुळला आणि मरेपर्यंत वाकडा राहिला. सहा मूकपटांत सहा नायिकांच्या जागी ती पडली, बुडाली, पळाली, आणि पडद्यावरच्या नावांच्या एकाही पाटीवर तिचं नाव आलं नाही. कॅमेऱ्याला तिची पाठ हवी असायची. तोंड नायिकेचं. “माझ्या पाठीला समद्या मुलखानं टाळ्या दिल्या,” ती म्हणायची, “तोंड मातर कुनी बघितलं न्हाई.” आणि हसायची. राहीबाईला त्या हसण्याचा लहानपणी कंटाळा यायचा.

बोलपट आले आणि कंपनी बुडाली. ठकूबाई वाडीवर परत आली आणि पुढची पन्नास वर्षं खरबुजं विकली.

एकदा, फक्त एकदा, तिनं स्वतःला पडद्यावर पाहिलं. भगवतीच्या यात्रेत तंबूतला सिनेमा आला होता. पुढं सासरा बसलेला, मागं बायांत ठकूबाई आणि तिची सासू. उडीचा प्रसंग आला तशी माणसं उठून उभी राहिली, ‘वा रे मंदारबाला!’ म्हणून ओरडली. ठकूबाई खाली मान घालून बसली. सासूनं पडद्याकडं पाहिलं, मग सुनेकडं पाहिलं. पाठ ओळखली नसती एक वेळ, पण कॅमेरावाल्यानं त्या दिवशी कॅमेऱ्याचा दांडा फिरवायचा थांबवला नव्हता, म्हणून तीन श्वासांपुरतं तोंड बाजूनं दिसत होतं, आणि तोंडात काय आहे ते नदीकाठच्या बाईला सांगावं लागत नाही. घरी आल्यावर सासूनं आधी दिवा लावला. मग म्हणाली, “डोरलं सोडलं न्हाईस, लई बरं केलंस.” तेवढंच. सहा मूकपटांची ठकूबाईला मिळालेली एकमेव शाबासकी ती.

तर हे सगळं पोटात असलेली राहीबाई दुसऱ्या दिवशी अश्विनीला घेऊन एसटीनं नगरला गेली, प्राध्यापकांच्या घरी. माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा दिला, खुर्ची दिली, पंखा लावला. फक्त ऐकून घेतलं नाही. ऐकल्यासारखं केलं, हे आणखी वाईट.

“बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो,” शामकांत म्हणाले. “पण जाहिरातीत मंदारबालांचं नाव आहे. तुमच्या आजींचं नाव असलेला एखादा कागद आहे का?”

“कागद कुनी दिलाच न्हाई, तर कुठून आनू?”

“तेच तर. आठवणी म्हणजे पुरावा नसतो ना.”

अश्विनी शाळेत शिकवते, ती अशी सहजासहजी गप्प बसणारी नाही. तिनं मोबाईलवर चित्र मोठं केलं. “सर, या बघा दोन काळ्या रेघा. तोंडापासून गळ्यापर्यंत. ही पोत आहे.”

“ते ओरखडे आहेत. जुन्या फिल्मवर असतातच.”

“ओरखडे प्रत्येक चित्रात जागा बदलतात, सर. या रेघा बाईबरोबर हलतात.”

शामकांतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “आणि राजकन्या अविवाहित आहे,” ते म्हणाले. “तिच्या गळ्यात मंगळसूत्र कशाला असेल?”

“म्हनून तर तोंडात लपवलं! हे असं,” राहीबाई म्हणाली आणि दाखवायला तिचा हात गळ्याशी गेला. गळा मोकळा होता. बिभीषणला जाऊन, म्हणजे तिच्या नवऱ्याला, अकरा वर्षं झाली होती. ती तशीच हात गळ्याशी ठेवून बसली, मग हात खाली घेतला. प्राध्यापकांना काय समजायचं ते समजलं असेल, त्यांनी चहा गार होतोय म्हणून सांगितलं.

संशोधन करायचं आयुष्यभर आणि ज्या नदीवर लिहायचं त्या नदीत एकदा पाय बुडवायचा नाही. काठावर राहणारी एक म्हातारी विचारायची नाही. वर वेदना, परमोच्च क्षण! येताना एसटीत राहीबाई कोल्हार येईपर्यंत पुटपुटत होती.

पण खरा घाव गावातच बसायचा होता. नदीकाठी नवा घाट बांधून झाला होता. ग्रामपंचायतीतलं मोठं प्रस्थ म्हणजे काकासाहेब, त्यांनी लेख वाचला आणि ठरवून टाकलं. घाटाला नाव द्यायचं, मिस मंदारबाला घाट. ग्रॅनाइटचा दगड कोरून आला. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर मंदारबालाचा रंगवलेला फोटो आणि भोवती गावातल्या बारा पुढाऱ्यांचे फोटो, जणू तेच तिला खडकावरून ढकलायला जमले होते.

राहीबाई काकासाहेबांच्या दारात गेली. त्यांनी नमस्कार केला. “मावशी, गावाचं नाव होतंय का नाही? बाहेरून लोक येत्यात. ठकूबाई कोन, हे कुनाला ठाव?”

“तुला ठाव हाय ना? तुझ्या बापानं तिच्या वाडीवरची खरबुजं चोरून खाल्ली.”

“ते समदं खरं, पर तिचं नाव लावलं तर फोटो काढायला कोन यील?”

राहीबाई तशीच मागं वळली. घरी आली, आणि त्या दिवशी ती अश्विनीवर, मांजरावर, चुलीवर, सगळ्यांवर चिडली. संध्याकाळी अश्विनीनं विचारलं, “आई, एवढं का लावून घेताय? घाटाचं नाव कुणाचंही असो.”

तेव्हा राहीबाईनं जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ती दहा वर्षांची होती, चौथीत. नवीन गुरुजी आले होते, कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, हिची आजी सिनेमात होती. तेव्हा ‘सिनेमातली’ म्हणजे शिवीच. गुरुजींनी हसत विचारलं, “काय गं, खरं का?” सगळा वर्ग हसला. राही उभी राहून म्हणाली, “न्हाई. ती माझी आजीच न्हाई.” आणि दाराकडं वळून बघते तर ठकूबाई उभी. नातीसाठी पहिलं पिकलेलं खरबूज घेऊन आली होती. तिनं ते उंबऱ्यावर ठेवलं आणि निघून गेली. पुन्हा कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पुढं तिनंच राहीला पोहायला शिकवलं, डोरलं धरायला शिकवलं.

“प्राध्यापकाला कागद पायजे, त्याचं काय घेऊन बसलीस,” राहीबाई म्हणाली. “मला तर कागद बी नको हुता. तरी मी न्हाई म्हनले.”

घाटाचं उद्‌घाटन रविवारी होतं. मांडव, खुर्च्या, एका बाजूला मोठा स्क्रीन. दगडावर भगवा पडदा. पुरुष पुढं, बाया बाजूला, जुनी रीत. शामकांत पाहुणे म्हणून आले होते. स्क्रीनवर ती चाळीस सेकंदं दाखवली. बाई खडकावर उभी राहिली, काष्टा आवळला, हात तोंडाशी नेला, उडी मारली. टाळ्या पडल्या, तसं स्क्रीनवाल्यानं उडीआधीचं चित्र पुन्हा आणून तिथंच थांबवलं. काकासाहेब माईकवर ओरडले, “मिस मंदारबाला!” आणि पोरं शिट्ट्या मारायला लागली.

शंभर वर्षांपूर्वी तंबूत झालं होतं तेच पुन्हा झालं, त्याच गावात, त्याच बाईच्या बाबतीत. राहीबाई उभी राहिली.

“सर,” ती म्हणाली, “त्या बाईच्या तोंडात काय हाय ते सांगा.”

कुणीतरी बस म्हणालं. ती बसली नाही. शामकांतांनी माईक घेतला. “बाई, आपलं यावर बोलणं झालं आहे. पोहताना स्त्रिया दागिना तोंडात धरत, अशी नोंद मला कुठंच सापडलेली नाही. ही स्थानिक समजूत असू शकते.”

समजूत! म्हणजे काठावरच्या शेकडो बायांनी दोनशे वर्षं रोज जे केलं ती समजूत, आणि नगरला पंख्याखाली बसून एका माणसाला जे वाटलं तो इतिहास. राहीबाईनं त्याच्याकडं पाठ केली आणि बायांकडं बघितलं.

“ज्या ज्या या डोहात पवल्या असतील त्यांनी उभं राहा,” ती म्हणाली. “आन् उडी मारायच्या आदी काय करायच्या ते या सायेबांना दावा. बोलू नका. नुसतं दावा.”

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. गावातल्या बायांना पुरुषांच्या सभेत उभं राहायची सवय कुठली? मग बायांच्या पहिल्या रांगेतून एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. ती काकासाहेबांची आई होती. तिनं पदर खोचला, गळ्यातली पोत वर काढली आणि डोरलं तोंडात घेऊन दातांखाली धरलं. काळे मणी ओठांच्या दोन्ही बाजूंनी गळ्याकडं उतरले. अगदी स्क्रीनवर थांबवलेल्या चित्रातल्या त्या दोन रेघांसारखे.

तिच्या मागं दुसरी उठली. मग चौघी एकदम. साठीच्या, सत्तरीच्या, काठी टेकणाऱ्या. प्रत्येकीनं तेच केलं, तसंच, कुणी कुणाला न विचारता. अश्विनी उठली. तिला पोहता येत नाही, नदीत आता पोहण्याजोगं राहिलंय काय, वाळूवाल्यांनी खड्डे करून ठेवलेत; तरी तिनं आपलं मंगळसूत्र दातात धरलं. मग तिच्या वयाच्या बाकीच्या उठल्या. बघता बघता सगळी बायांची बाजू उभी होती, डोरलं दातात धरून, शामकांतांकडं बघत.

शामकांत एकदा स्क्रीनकडं बघत होते, एकदा बायांकडं. त्यांनी चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही. “हे ओरखडे नव्हेत,” ते हळूच म्हणाले, पण माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. “बाई, त्यांचं नाव काय होतं?”

कुणी उत्तर दिलं नाही. देणार कशा? सगळ्यांची तोंडं डोरल्यांनी बंद होती. गावातल्या बाकीच्या विधवा असल्या समारंभाला येतच नाहीत; गळा मोकळा होता तो एकट्या राहीबाईचा. अकरा वर्षं त्या मोकळ्या गळ्यानं तिला हळदीकुंकवाला मागं बसवलं होतं, लग्नात बाजूला उभं केलं होतं. आज त्या मांडवात बोलू शकेल अशी बाई ती एकटीच होती.

“ठकूबाई,” ती म्हणाली. मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाली. “ठकूबाई. ती माझी आजी. चौथीत असताना शाळेत मी न्हाई म्हनले हुते. आज समद्या गावाम्होरं व्हय म्हनते.”

काकासाहेबांनी आईकडं बघितलं. आई डोरलं सोडायला तयार नव्हती. ते राहीबाईकडं वळले, कपाळावरचा घाम पुसला आणि रडकुंडीला येऊन म्हणाले, “मावशी, पर दगडावर नाव कोरून झालंय ना. आता त्या दगडाचं काय करू?”

“डोहात टाक,” राहीबाई म्हणाली. “मंदारबाला पवत वर आली, तर तिचंच नाव ठिव.”